विलायतेतल्या शाळा आणि पैशाचे शास्त्र



दिवसभराचा उकाडा ओसरून जरा कुठे वारा सुटलेला असताना श्रोत्यांपुढे अर्थशास्त्राचे नाव काढणे हे धाडसाचेच काम आहे. त्यातून विषय विलायतेतल्या शाळांचा! इंग्रजांची मुले शाळेत काय शिकतात याच्याशी आपल्याला काय कर्तव्य, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आल्यावाचून राहिले नसेल. पण आपली शाळा, तिच्यातल्या इयत्ता, तिची तपासणी आणि तिच्या परीक्षा हा सारा सरंजाम बव्हंशी त्याच घरातून आपल्याकडे आला आहे. अर्थशास्त्राचेही तसेच. लोकहितवादींनी १८४९ साली ‘लक्ष्मीज्ञान’ लिहिले ते इंग्रजी पुस्तकाच्या आधाराने. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८५५ साली ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ लिहिली तीही इंग्रज ग्रंथकार समोर ठेवून. ज्या विहिरीचे पाणी आपण पावणेदोनशे वर्षे पीत आलो, तिच्या तळाशी काय आहे हे एकदा डोकावून पाहणे अगदीच अप्रस्तुत नव्हे.

विलायतेत शाळेतल्या अर्थशास्त्राविषयी जो वाद चालत आला, तो वरवर पाहता कोणता धडा आधी आणि कोणता मागून, एवढाच दिसतो. खोलात गेले म्हणजे तो निराळा आहे. मुलाला पैशाविषयी तयार उत्तरे द्यायची की प्रश्न विचारायला शिकवायचे, हा तो वाद आहे. आणि प्रश्न विचारायचे तर ते कोणाच्या जागी उभे राहून – मालकाच्या, मजुराच्या, गिऱ्हाइकाच्या की सरकारच्या – हा त्याचा दुसरा पदर.

या शास्त्राला शिकणाऱ्यांच्या ओसरीवर प्रथम आणले ते बायकांनी. जेन मार्सेट या बाईंनी १८१६ साली अर्थशास्त्रावर संभाषणांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात मिसेस बी. ही शिक्षिका आणि कॅरोलाइन ही चुणचुणीत विद्यार्थिनी यांच्या बोलण्यातून मजुरी, भांडवल, खंड, व्यापार हे अवघड विषय उलगडत जातात. पुस्तक इतके खपले की, १८२२ साली मारिया एजवर्थ या लेखिकेने एका पत्रात लिहून ठेवले आहे, मोठ्या घरच्या स्त्रिया आता मुलींसाठी शिक्षिका नेमताना तिला अर्थशास्त्र येते की नाही, याची चौकशी करू लागल्या आहेत! पुढे हॅरिएट मार्टिनो यांनी १८३२ ते १८३४ या काळात हेच शास्त्र गोष्टींच्या रूपाने घरोघर पोचवले.

हे झाले खात्यापित्या घरांचे. गरिबांच्या मुलांसाठी पाठ काढले गेले ते वेगळ्या हेतूने. डब्लिनचे आर्चबिशप रिचर्ड व्हेटली हे स्वतः अर्थशास्त्राचे माजी प्राध्यापक. त्यांनी १८३३ च्या सुमारास पैशाच्या व्यवहारावर मुलांसाठी सोपे धडे लिहिले. आयर्लंडमध्ये १८३१ साली सरकारी मदतीच्या राष्ट्रीय शाळा निघाल्या होत्या आणि व्हेटली त्यांच्या नियामक मंडळावर होते. तेव्हा हे धडे तिथल्या वाचनमालेत शिरले आणि तिथून इंग्लंडातही गेले. धड्यांचा मथितार्थ असा की, मजुरी कायद्याने किंवा संगनमताने वाढवता येत नाही आणि धनिकाचे धन हिरावून घेतल्याने गरिबाचे भले होत नाही. यातले काही खरे आहे, काही अर्धे खरे आहे. पण कोणत्या मुलाला कोणते अर्धे सांगायचे, हे ठरवणारे कोण होते, ते ध्यानात घ्यावे. या शाळा निघून पंधरा वर्षे होतात न होतात तोच आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भीषण दुष्काळ आला. मागणी-पुरवठ्याचा धडा वाचलेली मुले त्या दुष्काळातही होती.

त्याच वेळी लंडनमध्ये विल्यम एलिस नावाचा एक विलक्षण गृहस्थ होता. धंदा सागरी विम्याचा, स्नेह जॉन स्टुअर्ट मिल यांच्या मंडळाशी. त्याने १८४८ पासून पदरचा पैसा घालून ‘बर्कबेक शाळा’ काढल्या आणि कारागिरांच्या, दुकानदारांच्या मुलांना समाजाचा अर्थव्यवहार शिकवायला लावला. स्वतःही वर्गावर जाई. पुढे राणी व्हिक्टोरियाच्या यजमानांच्या इच्छेवरून त्याने राजवाड्यातल्या मुलांनाही धडे दिले. या एलिसविषयी मला आदर वाटतो. पाठांतर न करवता तो मुलांना प्रश्नामागून प्रश्न विचारून विचार करायला लावी. मात्र प्रश्न कितीही विचारले तरी शेवटी पोचायचे कुठे, हे गुरुजींनी आधीच ठरवलेले असे. काटकसर, उद्योग, शब्दाला जागणे, या गावीच गाडी थांबायची.

१८५४ साली चार्ल्स डिकन्सची ‘हार्ड टाइम्स’ ही कादंबरी आली. तिच्यात सर्कशीतल्या कलावंताची मुलगी सिसी ही ग्रॅडग्राइंड यांच्या ‘वस्तुस्थिती’च्या शाळेत जाते. तिथे मास्तर तिला विचारतात की, हा वर्ग म्हणजे एक राष्ट्र आहे आणि त्यात पाच कोटींची संपत्ती आहे, तर हे राष्ट्र भरभराटीत आहे की नाही? सिसीला उत्तर देता येत नाही. ती म्हणते की, पैसा कोणाकडे आहे आणि त्यातला काही माझा आहे का, हे कळल्याशिवाय मी कसे सांगू? अर्थात् उत्तर चुकीचे ठरते. मला स्वतःला असे वाटते की, त्या वर्गात अर्थशास्त्राचा खरा प्रश्न तेवढ्या एका मुलीने विचारला होता. आज राष्ट्रीय उत्पन्न आणि त्याची वाटणी ही दोन स्वतंत्र प्रकरणे प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतात, ती याच कारणाने.

एलिसचा प्रयोग पुढे सुकला. त्याला एक कारण फार ओळखीचे आहे. १८६२ साली रॉबर्ट लो यांनी शाळांना अनुदान देण्याचा नवा नियम आणला. वाचन, लेखन आणि गणित यांत तपासनिसापुढे जितकी मुले उतरतील, तितके पैसे शाळेला मिळायचे. ज्या विषयाला पैसे नाहीत तो विषय शाळेच्या खिसगणतीत कशाला राहील? तपासणीच्या आदल्या आठवड्यात शाळेत काय चालते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचा अधिक खुलासा नको. १८७८ साली स्टॅन्ली जेव्हन्स यांच्यासारख्या पहिल्या प्रतीच्या पंडिताने मुलांसाठी अर्थशास्त्राची एक छोटी पुस्तिका लिहिली. पण प्राथमिक शाळेत या शास्त्राने जी जागा गमावली ती गमावलीच.

मजुरांनी मग आपले अर्थशास्त्र आपणच शिकायचे ठरवले. ऑक्सफर्डला कामगारांसाठी रस्किन कॉलेज होते. तिथे १९०९ साली चक्क विद्यार्थ्यांचा संप झाला. डेनिस हर्ड या प्राचार्यांना दूर करण्यात आले हे तात्कालिक कारण; मूळ तक्रार अशी की, आम्हाला शिकवले जाते ते मालकांच्या सोयीचे अर्थशास्त्र, आणि मार्क्सला मात्र उंबऱ्याबाहेर उभे केले जाते. या रस्किन कॉलेजचे नाव लक्षात ठेवा. पुन्हा लागणार आहे.

दुसरे महायुद्ध संपत आले असता, १९४४ च्या कायद्याने माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत झाले. पण त्याची अंमलबजावणी करताना अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांच्या वाटा वेगळ्या करण्यात आल्या: हुशार ठरलेली ‘ग्रामर’ शाळेत आणि बाकीची बहुतेक ‘सेकंडरी मॉडर्न’ शाळेत. आता गंमत पाहा. १९५१ साली ए-लेव्हल परीक्षा सुरू झाली, म्हणजे आपल्या बारावीच्या वयाची. ग्रामर शाळेतल्या मुलाला, आणि बहुधा मुलालाच, तिथे अर्थशास्त्र मिळू लागले: बेनहॅम, केर्नक्रॉस आणि १९६३ नंतर लिप्से, म्हणजे विद्यापीठातलेच पुस्तक थोडे बारीक दळून. तिकडे सेकंडरी मॉडर्नमधल्या मुलीला ‘कॉमर्स’ या नावाखाली टंकलेखन, लघुलेखन आणि जमाखर्च. एकीला पत्र टाइप करायला शिकवायचे आणि दुसऱ्याला त्या पत्रातल्या व्याजदराचा सिद्धान्त. पैशाच्या शास्त्राची ही दोन ताटे इतकी वेगळी वाढलेली होती की, ते एकाच स्वयंपाकघरातले अन्न आहे, हे कोणाला सांगूनही पटले नसते.

ही ताटे एकत्र आणण्याचा पहिला ठळक प्रयत्न झाला तो, आश्चर्य म्हणजे, श्रीमंतांच्या शाळेत. मार्लबरो कॉलेज ही तिकडची एक ‘पब्लिक स्कूल’. नाव ‘पब्लिक’, पण तिची फी पाहिली तर त्यातली पब्लिक कोणती, हा प्रश्न पडावा. तिथे जॉन डॅन्सी मुख्याध्यापक असताना रिचर्ड बार्कर या शिक्षकाने वुल्फसन प्रतिष्ठानच्या पैशातून उद्योगव्यवहाराचा ए-लेव्हल अभ्यासक्रम तयार केला. केंब्रिजच्या परीक्षा मंडळाने तो स्वीकारला आणि १९६७ च्या सुमारास ‘बिझनेस स्टडीज’ हा विषय शाळेत अवतरला. कल्पना मोठी नामी होती. धंदा चालवणे म्हणजे निर्णय घेणे: माल किती काढायचा, भाव काय ठेवायचा, माणसे किती घ्यायची, पैसा कोठून आणायचा. निर्णयासाठी थोडे हिशेबशास्त्र लागते, थोडे संख्याशास्त्र, थोडे मानसशास्त्र, थोडे अर्थशास्त्र. म्हणून ही शास्त्रे एकापुढे एक न मांडता, एका निर्णयाभोवती गोळा करायची. मुलाने जवळच्या एखाद्या कारखान्यात जाऊन तिथला खराखुरा प्रश्न अभ्यासावा, अशीही त्यात योजना होती.

याच सुमारास, १९६२ साली, वॉल्टर सॉलोमन या बँकरने ‘यंग एंटरप्राइझ’ ही संस्था अमेरिकन धर्तीवर सुरू केली. तिच्यात शाळेतली मुले छोटी कंपनी काढतात, भाग विकतात, काही वस्तू बनवून बाजारात नेतात आणि वर्ष संपले की कंपनी गुंडाळून भागधारकांना हिशेब देतात. तोटा आला तर तोही वाटून द्यायचा. हे चांगलेच आहे. पण कंपनी काढणारा मुलगा दर वेळी संचालक होतो; कामावरून कमी केलेला कामगार होण्याची पाळी त्याच्यावर क्वचितच येते, एवढे मला त्यात उणे दिसते.

आता पुन्हा रस्किन कॉलेज. १९७६ सालच्या ऑक्टोबरात पंतप्रधान जेम्स कॅलाहन तिथे भाषणाला गेले आणि म्हणाले की, शाळेतून येणाऱ्या मुलांविषयी कारखानदारांच्या तक्रारी आहेत, आणि बुद्धिमान मुले उद्योगधंद्यांकडे पाठ फिरवतात. मजुरांच्या कॉलेजात, मजूर पक्षाच्या पंतप्रधानाने, मालकांची तक्रार पुढे मांडावी! तेल महागलेले, चलन घसरलेले, बेकारी वाढलेली, असा तो काळ होता. देशाचे काही बिघडले की शाळा मास्तरच्या गळ्यात घंटा बांधण्याची चाल सगळीकडचीच. तरी त्या भाषणातून एक चांगले निघाले. पाठोपाठ शाळा आणि उद्योग यांना जोडणारी जी योजना आली, तिला मालकांचा महासंघ आणि कामगार संघांचा महासंघ या दोघांचाही हात लागला होता. वर्गात कारखान्याचा व्यवस्थापक येऊन बोलला, तर युनियनचा कार्यकर्ताही येऊ शके. सिसीच्या प्रश्नाला इंग्लंडातल्या शाळेत अधिकृतपणे खुर्ची मिळाली ती बहुधा तेव्हाच.

ही खुर्ची किती निकडीची होती, ते १९८४ साली दिसले. त्या वर्षी ६ मार्चला राष्ट्रीय कोळसा मंडळाने वीस खाणी आणि सुमारे वीस हजार नोकऱ्या कमी करण्याचा बेत जाहीर केला. जवळजवळ वर्षभर संप चालला. ३ मार्च १९८५ ला तो मोडला. सगळे भांडण एका शब्दावर होते: या खाणी ‘परवडत नाहीत’. परवडणे म्हणजे काय? मंडळाचा हिशेब सरळ होता. या खाणीतून एक टन कोळसा काढायला इतका खर्च, विकून येतात इतके, तोटा इतका, करा बंद. ऑक्सफर्डचे अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू ग्लिन यांनी दुसरी खतावणी उघडली. खाण बंद झाली की सरकारला बेकारभत्ता द्यावा लागेल, कामावरून काढल्याची भरपाई द्यावी लागेल, त्या कामगाराकडून येणारा आयकर आणि विम्याची वर्गणी बुडेल. हे सारे मांडले तर खाण तोट्यात चालवणेच सरकारी तिजोरीला स्वस्त पडते, असे त्यांचे म्हणणे. विरुद्ध पक्षाचे म्हणणे असे की, हा तोटा दुसऱ्या करदात्यांच्या खिशातून भरला जातो. माणसे आणि भांडवल तिथे अडकून पडली तर नवे उद्योग कशाने उभे राहतील? यात खरे कोण, हा आजचा विषय नाही. विषय असा की, त्या वेळच्या शाळेत पहिला हिशेब बिझनेस स्टडीजच्या तासाला शिकवला जाई आणि दुसरा अर्थशास्त्राच्या. दोन्ही हिशेब एका फळ्यावर, एका मुलापुढे, एकाच तासाला क्वचितच येत. खाणीच्या गावातल्या पोराला मात्र घरी जेवणाच्या टेबलाशी हा प्रश्न अखंडच भेटत होता.

सरकारने १९८८ साली राष्ट्रीय अभ्यासक्रमाचा कायदा केला. इतिहास, भूगोल, संगीत, चित्रकला, सर्वांना त्यात पाने मिळाली. अर्थशास्त्राला मिळाले नाही. त्याऐवजी १९९० साली ‘आर्थिक आणि औद्योगिक जाण’ हा एक सूत्रविषय म्हणून सांगण्यात आला. म्हणजे त्याला स्वतंत्र तास नाही. भूगोलाच्या मास्तरांनी थोडा शिकवावा, गणिताच्या बाईंनी थोडा, इतिहासात थोडा यावा. बारभाईची शेती, काय लागेल हाती! पाचसहा वर्षांत त्याचे नावही मागे पडले. (हे सारे इंग्लंड आणि वेल्सविषयी. स्कॉटलंडचा शिक्षणव्यवहार पहिल्यापासून स्वतंत्र आहे आणि तिकडे आज शिरलो तर घरी जायला उशीर होईल.)

आणि नेमक्या या पडत्या काळात, १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, नफील्ड प्रतिष्ठानने अर्थशास्त्र आणि उद्योगव्यवहार यांचा एकत्र अभ्यासक्रम करायला घेतला. हे नफील्ड म्हणजे मोटारी बनवणारे विल्यम मॉरिस. आपल्या रस्त्यांवरून अर्धशतकाहून अधिक काळ धावलेली अँबॅसडर ही ज्या ‘मॉरिस ऑक्सफर्ड’ गाडीवरून घेतली होती, त्या कंपनीचे संस्थापक. त्यांनी १९४३ साली आपल्या संपत्तीतून हे प्रतिष्ठान स्थापन केले. साठीच्या दशकात त्याने शाळेतले विज्ञान बदलून दाखवले होते: नियम सांगून मग प्रयोग नव्हे, प्रयोग करता करता नियम शोधायचा. तीच रीत आता पैशाच्या शास्त्राला लावायची होती.

नफील्डच्या अभ्यासक्रमात प्रकरणाचे नाव म्हणून सिद्धान्त येत नसे, प्रश्न येई. मागणीची वक्ररेषा पहिल्या दिवशी फळ्यावर काढायची नाही. एखाद्या धंद्याची, एखाद्या गावाची, एखाद्या वस्तूची माहिती मुलापुढे ठेवायची आणि उत्तर शोधताना ज्या अवजाराची गरज पडेल ते हातात द्यायचे. दुकानाच्या बाजूने पाहा, मग गावाच्या बाजूने पाहा. विद्यार्थ्याने स्वतः चौकशी करून लिहिलेल्या वृत्तान्तालाही परीक्षेत गुण होते. माझ्या मते विलायतेतल्या शाळांत पैशाविषयी आजवर जे काही आखले गेले, त्यात हे सर्वांत शहाणपणाचे होते.

मग ते सगळीकडे का पसरले नाही? कारणे उदात्त नाहीत, व्यवहारातली आहेत. अर्थशास्त्राच्या शिक्षकाला ताळेबंद शिकवायला अवघड वाटे आणि उद्योगव्यवहाराच्या शिक्षकाला चलनवाढ. विद्यापीठे आणि पालक विचारीत, मुलाने नक्की शिकले काय, अर्थशास्त्र की धंदा? १९९२ पासून शाळांचे निकाल वर्तमानपत्रांत क्रमवारीने छापले जाऊ लागले; प्रत्येक मुख्याध्यापकाला खात्रीचे गुण देणारा विषय हवासा झाला. बिझनेस स्टडीज फोफावले आणि त्याच दशकात ए-लेव्हल अर्थशास्त्राची संख्या निम्म्याच्याही खाली घसरली. शेवटी २०१५ पासून शिकवल्या जाणाऱ्या नव्या ए-लेव्हलमध्ये या विषयांतले स्वाध्यायाचे गुण काढून सारा भार लेखी परीक्षेवर टाकण्यात आला. मुलाचा वृत्तान्त मुलानेच लिहिला की वडिलांनी, ही शंका होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. पण चोर धरता येत नाही म्हणून घरच पाडायचे, त्यातला हा प्रकार. एका परीक्षा मंडळाच्या ‘इकॉनॉमिक्स बी’ या अभ्यासक्रमात उद्योगसंस्थेच्या अंगाने अर्थशास्त्र शिकवण्याचे नफील्डचे वळण अजून दिसते, एवढाच त्याचा वारसा.

दरम्यान २००८ साली बँका कोसळल्या. नोव्हेंबरात राणी एलिझाबेथ लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेल्या असता त्यांनी तिथल्या पंडितांना विचारले की, हे येताना कोणाच्याच कसे लक्षात आले नाही? सिसी आणि राणी यांच्यात दीडशे वर्षांचे आणि आणखी बऱ्याच गोष्टींचे अंतर; पण दोघींचा प्रश्न वर्गाला अडचणीत टाकणारा. पुढे मँचेस्टर विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी, आम्हाला शिकवलेल्या अर्थशास्त्रात हे संकट कुठेच नाही, म्हणून चळवळ सुरू केली. शाळेच्या अभ्यासक्रमातही २०१५ पासून बँकांचे नियमन आले, माणूस दर वेळी हिशेबाने वागत नाही हे सांगणारे वर्तनाचे अर्थशास्त्र आले. आज अर्थशास्त्र हा पुन्हा मागणीचा विषय आहे. मात्र परीक्षेला बसणाऱ्या तिघांत जेमतेम एक मुलगी असते, आणि फी घेणाऱ्या खासगी शाळांत तो जितका सहज मिळतो तितका सरकारी शाळांत मिळत नाही. मिसेस बी. आणि कॅरोलाइन यांच्यापासून निघालेल्या विषयात मुलींची ही स्थिती व्हावी, हे कोडेच म्हणायचे.

सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी इंग्लंडात २०१४ साली नागरिकशास्त्रात पैशाचे धडे घातले गेले: अंदाजपत्रक, कर्ज, व्याज, विमा, निवृत्तिवेतन. अकादमी या नावाच्या शाळांना तो अभ्यासक्रम त्या वेळी बंधनकारक नव्हता, हे अलाहिदा. हे धडे उपयोगी आहेत. पंचविशीत कर्जाच्या विळख्यात सापडलेल्या तरुणाला ते कोणी सांगितले असते तर बरे, असे आपल्याही गावात वाटते. पण त्यांत मला व्हेटलींचा आवाज ऐकू येतो. आपले पाकीट कसे सांभाळावे हे मुलाला सांगायचे, आणि ते रिकामे का राहते हे विचारण्याची पाळी आली की तास संपायचा.

२०२५ च्या नोव्हेंबरात प्राध्यापक बेकी फ्रान्सिस यांच्या समितीने इंग्लंडच्या अभ्यासक्रमाचे परीक्षण करून अहवाल दिला. त्यानुसार प्राथमिक शाळेतही नागरिकशास्त्र अनिवार्य करून पैशाचे व्यवहार त्यात शिकवायचे ठरते आहे. म्हणजे एलिसनंतर पावणेदोनशे वर्षांनी हा विषय पुन्हा लहान मुलांच्या बाकापर्यंत येऊन पोचतो आहे. त्या तासाला शिक्षक कोण असेल, तो मुळात कोणत्या विषयाचा असेल आणि त्याच्या हातातल्या पुस्तकात प्रश्न किती व उत्तरे किती असतील, हे पुढच्या काही वर्षांत ठरेल.

घड्याळाकडे पाहता माझी वेळ संपली आहे. श्रोत्यांच्या शंकांसाठी चिटणिसांनी जी दहा मिनिटे राखून ठेवली आहेत, त्यांना मी हात लावीत नाही.